फंड मागायला निघालेल्या संघटनांनो, या चुका टाळा

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये रेशन, पेन्शन, घरकाम, पुनर्वसन अशा प्रश्नांवर झगडणाऱ्या लहान गटांची प्रपोजलं मी बरीच वर्षं वाचतो आहे. काम खरं असतं, माणसं जीव ओतून करत असतात, आणि पैसा अडतो तो दरवेळी त्याच त्या कारणांनी. म्हणून जरा कडक शब्दांत लिहितो.

चेंज रिपोर्ट न देणं

अध्यक्ष वारले, दोन विश्वस्तांनी राजीनामे दिले, बैठकीत नवी माणसं निवडली आणि काम पुढे चालू. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या शेड्यूल वनवर, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, मात्र जुनीच नावं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो, तोच चेंज रिपोर्ट. हे माहीत असलेलेही 'बघू नंतर' म्हणतात.

पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्यांत घरकामगार बायकांमध्ये काम करणाऱ्या एका गटाचं प्रपोजल एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाला पैसा देणाऱ्या, विभागाने फेब्रुवारीत मान्य केलं. कराराच्या वेळी त्यांनी शेड्यूल वनचा ताजा उतारा मागितला. त्यावर अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं, त्या बाईंना जाऊन बराच काळ लोटला होता आणि सही करायला बसलेल्या ताईंचं नाव उताऱ्यावर कुठेच नव्हतं. धावपळ करून चेंज रिपोर्ट करायला घेतला, तर त्या बैठकीची नोटीस सापडेना, इतिवृत्त अर्धवट, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं कधी घेतलेलीच नाहीत. कंपनीला मार्चअखेर खर्च दाखवायचा होता. पैसे दुसऱ्या संस्थेला गेले. त्यातून दोन पूर्णवेळ कार्यकर्त्यांचं मानधन निघणार होतं. त्यातली एक आता मॉलमध्ये नोकरी करते. मालकिणीने पगार बुडवला की बायकांबरोबर बोलायला जायची ती हीच.

अशा वेळी 'मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहून टाका' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. ज्या संघटना सरकारी कार्यालयांकडे खरी कागदपत्रं मागतात, त्यांच्या दप्तरात खोटा कागद नसावा, एवढं तरी आपण पाळलंच पाहिजे. माझी सवय साधी आहे: ज्या बैठकीत नवा माणूस निवडला जातो, त्याच बैठकीत त्याचं संमतिपत्र आणि ओळखपत्राची प्रत घेतो. अर्ज भरायला सीए किंवा वकील लागला तर त्याला तिथूनच फोन.

फंड बघून काम बदलणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. हडपसरच्या बाजूचा एक गट रेशन आणि निराधार पेन्शनवर उत्तम काम करायचा. दर रविवारी बैठक, शंभरेक माणसं, तहसीलवर अर्ज घेऊन जाणं. मग कुणीतरी सांगितलं की सध्या कौशल्य प्रशिक्षणाला पैसा आहे. शिवणयंत्रं आली, हजेरीपट आले, दर तिमाहीला फोटोंसह अहवाल. कार्यकर्ते अहवालात अडकले आणि रविवारची बैठक आधी महिन्यावर गेली, मग बंदच पडली. करार संपला तेव्हा कंपनीने नूतनीकरण केलं नाही. ते तिच्या हक्काचंच होतं. पण मागे ना प्रशिक्षण उरलं, ना संघटना. रेशन बंद झालेल्या म्हाताऱ्या बायका त्या ऑफिसला लागलेलं कुलूप बघून परत जायच्या.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणारा सीएसआरचा पैसा मोजता येणाऱ्या गोष्टींवर जास्त जातो, हे खरं. पण हा पैसा कोणत्या कामांवर खर्च करता येतो ते सांगणाऱ्या त्याच कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास घटकांना भोगावी लागणारी विषमता कमी करणं हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. आपलं काम त्या चौकटीत प्रामाणिकपणे मांडता येतं. तेवढा धीर मात्र हवा. 'महिन्याभरात फंड मिळेल का' असं विचारत येणाऱ्यांकडे तो नसतो, आणि शिवणयंत्रांच्या मागे सगळ्यात आधी धावतात तेच.

म्हणून प्रपोजल उघडण्याआधी मी एकच विचारतो: गेल्या वर्षी सभासद वर्गणी किती जमली? शून्य असेल तर पुढे बोलत नाही. याच शहरात हमाल पंचायत उभी राहिली. १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, कचरावेचक बायका वर्षाची वर्गणी भरून तिच्या सभासद होतात. वर्गणी भरणारी बाई बैठकीत हिशेब विचारते. तिला हिशेब देण्याची सवय लागलेल्या संघटनेला फंडरच्या प्रश्नांची भीती वाटत नाही.

आणखी काही

अमेरिकेतल्या भाच्याकडून पैसे घेताना आधी त्याचा पासपोर्ट विचारा. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय ती घेता येत नाही. पुण्यात हा प्रश्न दर दुसऱ्या गटाला पडतो.

मोठ्या संस्थेच्या एफसीआरए खात्यातून वाटा मिळेल या आशेवर बसू नका. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली.

एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, मग तो मांडववाला कितीही ओळखीचा असो.

करसवलतीसाठी आयकर विभागाकडे केलेली तात्पुरती नोंदणी ३ वर्षांचीच असते. नियमित नोंदणीचा अर्ज ती संपायच्या किमान ६ महिने आधी जायला हवा, आणि काम सुरू झालेलं असेल तर त्याहूनही आधी.

बजेटमध्ये ऑफिसचं भाडं, हिशेबनिसाचा पगार आणि ऑडिट फी लाजून गाळू नका. हे खर्च होणारच असतात आणि मग ते कार्यकर्त्याच्या मानधनातून निघतात.

दुसऱ्याचं प्रपोजल उचलून नाव बदलू नका. वाचणाऱ्याला पहिल्या पानावर कळतं, कारण त्यात तुमच्या वस्तीतलं एकही माणूस दिसत नाही. मी गटाला आधी मराठीत बोलायला लावतो, ते बोलतात तसं उतरवून घेतो आणि इंग्रजी लागलंच तर त्यावरून करतो. वेळ जास्त लागतो, म्हणून शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री आलेल्याला मी पुढच्या वर्षी यायला सांगतो.

नकार आला तर त्याच आठवड्यात फोन करून कारण विचारा आणि ते इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढचा अर्ज लिहिताना ते पान आधी उघडा.