नवरा परदेशात आणि पोटगीचा दावा जळगावात: या चुका टाळा

फैजपूर-सावद्याकडच्या एखाद्या घरी अमेरिकेतल्या न्यूजर्सीच्या कोर्टाचा लिफाफा येतो, आत नवऱ्याने लावलेला घटस्फोटाचा दावा. घरचे म्हणतात, "लग्न इथलं, तिथल्या कोर्टाचा काय संबंध? ठेव कपाटात." सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. न्यूजर्सीत उत्तर द्यायला 35 दिवस मिळतात, कॅलिफोर्नियात 30. मुदत टळली की एकतर्फी निकाल, आणि पोटगीचा हिशेब एकट्या नवऱ्याच्या कागदांवर.

असा निकाल भारतात आपोआप टिकत नाही, हे खरं. लग्न ज्या कायद्याने झालं त्यात बसणारं कारण हवं आणि दुसऱ्या बाजूने ते कोर्ट स्वेच्छेने मानलेलं हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये वाय. नरसिंह राव खटल्यात सांगितलं. पण नवऱ्याचा पगार, घर, निवृत्तीचं खातं तिथे आहे. तिथे गप्प बसलात तर त्या पैशावर बोलायला कोणी उरत नाही. उलट घाईघाईने हजर होऊन सगळ्या मुद्द्यांवर भांडलात, तर पुढे इथे "मला ते कोर्ट मान्यच नव्हतं" म्हणणं अवघड. नुसती अधिकारक्षेत्राची हरकत घ्यायची की पूर्ण लढायचं, हे तिथला वकील गाठून ठरवा. कागद साध्या टपालाने आले असतील तर तेही त्याला सांगा. हेग बजावणी करारात (एका देशाच्या कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात पोचवण्याचा करार) भारताने थेट टपालाने बजावणी करायला हरकत घेतलेली आहे.

दुसरी चूक वाट पाहण्याची. "दिवाळीला येईल, बैठक बसेल, समाजातले चार जण समजावतील." बसू द्या बैठक, पण अर्ज आधी टाका. रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक महिना तुमच्या खिशातून जातो. माहेरी राहत असाल तर तिथल्याच कोर्टात जाता येतं: हिंदू विवाह कायद्याखालचा दावा चालू असेल तर त्यातच कलम 24, किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125. दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. परदेशात राहणाऱ्याला तिथलं उत्पन्नही दाखवावं लागतं. पगाराची स्लिप, टॅक्स रिटर्न, भाड्याचा करार यांच्या प्रती हाताशी असतील तेव्हाच काढून ठेवा. लॅपटॉपचा पासवर्ड बदलल्यावर काही मिळत नाही.

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले, असंही नाही. आपल्या कोर्टाचा आदेश अमेरिकेत थेट लागू होत नाही. तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणून नवऱ्याचं इथे काय आहे ते आधी शोधा. रावेरची केळीची बाग "त्यांचीच" म्हणतात, पण सातबारा काढला की नाव निघतं सासऱ्यांचं! सासऱ्यांनी स्वतः घेतलेल्या जमिनीवर नवऱ्याच्या थकबाकीची जप्ती येत नाही. नवऱ्याच्या नावचा फ्लॅट, एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्याचं इथलं बँक खातं), वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा हिस्सा, हे पाहा. कलम 144 ची थकबाकी असेल तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा.

स्टॅम्पपेपरवरची फारकत आणि "पोटगीचा हक्क सोडला" हे वाक्य, दोन्हींवर सही नको. जातीच्या रूढीने फारकत झाली म्हणायचं तर ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. माहेरचं सोनं स्त्रीधन आहे. ते पोटगीच्या रकमेत वळतं करू देऊ नका.

ग्रीन कार्ड नवऱ्याच्या प्रायोजकत्वावर मिळालं असेल आणि तिथेच राहणार असाल, तर त्याने सही केलेला आय-864 फॉर्म, म्हणजे तुम्हाला आर्थिक आधार देण्याची हमी, वकिलाला दाखवा. त्यातली आधाराची जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही.