फणसाचा ओंडका चेनसॉने चिरायचा तर

वादळात आडवा झालेला फणस जळाऊ म्हणून द्यायचा आणि देवघरासाठी दुकानातून फळ्या आणायच्या, हा उफराटा उद्योग कोकणात नेहमीचाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर जुने, भरलेल्या गाभ्याचे फणस सरपणाच्या भावात गेले. चेनसॉला मिलची चौकट, म्हणजे मशीन आडवं धरून ठरावीक जाडीची फळी काढू देणारी चौकट, लावली की ओंडका पडल्या जागी चिरता येतो. मशीन अजून हातात बसलं नसेल, तर आधी जळाऊ कापून शिका.

फणस १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत, आहे. झाड आपलं, वाऱ्याने पडलेलं, तरीही चिरण्या-हलवण्याआधी वनखात्यात विचारून घ्या.

मशीन ७० सीसीच्या वरचं हवं. बाजारातल्या स्वस्त ५८ सीसीने फूटभर रुंदी निघेल. दीड फुटी फणसात ते तापून बसेल. चेन रिपिंगची, म्हणजे लाकूड उभं चिरायची, दातांचा कोन १० अंशांचा. नेहमीची ३० अंशांची चेनही कापते, पण फळीवर ओरखडे फार उठतात आणि रंधा मारता मारता दम निघतो. टाकी भरताना प्रत्येक वेळी कानस फिरवा. भुसा पिठासारखा पडू लागला की धार गेली. फणसाचा चीक चेनला बसतो, तो रॉकेलने पुसा.

आता पहिला काप. मलाही सगळ्यात उशिरा जमला तो हाच. “पहिला काप ढोबळ चालतो, पुढचे आपोआप सरळ येतात” असं सांगणाऱ्याने स्वतः फळ्या काढलेल्या नसतात. चौकट ज्यावरून सरकते त्याचा बाक आणि पीळ जसाच्या तसा खालच्या कापात उतरतो, आणि पुढचा प्रत्येक काप आधीच्या कापावरूनच जातो. पहिली फळी पिळलेली, तर सगळा ओंडका पिळलेला.

ओंडका गोल आणि गाठाळ, म्हणून वर सपाट वाट बांधावी लागते. मी ॲल्युमिनियमची सरळ शिडी वापरतो. दोन्ही टोकांजवळ ओंडक्यावर एकेक लाकडी पट्टी आडवी ठेवा आणि तिच्यावर पाणसळ धरा. ओंडका उतारावर असला तरी बिघडत नाही, पण दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर हव्यातच. मग एका टोकाला उकिडवे बसा, एक डोळा मिटा आणि जवळच्या पट्टीच्या कडेवरून लांबच्या पट्टीची कड बघा. लांबची कड एका बाजूला जरा जास्त दिसली, तर तेवढा पीळ आहे. कड एकसारखी दिसेपर्यंत पट्टी उचला, खाली पातळ चीप सरकवा, पुन्हा बघा. इथे अर्धा तास गेला तरी चालेल, घाई करू नका.

पट्ट्या स्क्रूने पक्क्या करून त्यांवर शिडी बसवा. ती ओंडक्याच्या दोन्ही टोकांबाहेर फूटभर यायला हवी, नाहीतर आत शिरताना आणि बाहेर पडताना चौकट झुकते. मशीनच्या भाराने शिडी मध्यावर लवते. दोरी ताणून तपासा आणि मधे पाचरी द्या, पण हाताने सरकवूनच. हातोडीने ठोकलीत तर तिथेच उंचवटा येतो. शेवटी शिडीच्या माथ्यापासून सगळ्यात खोल गेलेल्या स्क्रूच्या टोकापर्यंत माप घ्या आणि चेन त्याच्याही एक इंच खाली लावा. पूर्ण वेगातली चेन स्क्रूवर गेली तर दात जातातच, तुकडाही उडतो. हे माप डोळ्यांनी अजमावू नका, टेपच लावा.

शिडीवरून चौकट सरकवत पहिला काप घेतला, की पुढचं सोपं. शिडी काढा, चौकट सपाट झालेल्या पाठीवर ठेवा आणि हव्या जाडीला लावा. चेन जवळजवळ तीन सूत (३/८ इंच) लाकूड खाते, ते हिशेबात धरा. दर दीड फुटावर मागच्या कापात पाचर सरकवा, म्हणजे बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आवळला जाणार नाही. धूर अंगावर येणार नाही अशा बाजूने उभे राहा.

साल लगेच सोला, तिच्याखाली भुंगा राहतो. फळ्यांच्या टोकांना त्याच दिवशी ऑइलपेंट फासा. फणस टोकांकडून तडकतो. मांगरात (शेतावरच्या खोपटात), वारा खेळेल अशा जागी, दीड-दीड फुटावर एक इंची पट्ट्या देऊन थर लावा आणि वर दगड ठेवा. पट्ट्या खालपासून वरपर्यंत एकावर एक सरळ रेषेत हव्यात. एक इंची फळीला साधारण वर्ष लागतं, मधला पावसाळा कुंद असला तर जास्त. एका फळीवर खूण करून ती महिन्या-महिन्याने वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की रंधा घ्या.