पोटात दुखतंय? ‘गॅस असेल’ म्हणण्याआधी या चुका टाळा

आपल्याकडे पोटातल्या दुखण्याचं नाव आधीच ठरलेलं असतं. छातीखाली जळजळलं, गॅस. बरगडीखाली कळ आली, गॅस. पाठ भरून आली तरी ‘गॅस फिरतोय’. बरं, बहुतेक वेळा तो गॅसच निघतो, म्हणूनच एखाद्या वेळी माणूस फसतो.

ढेकर आली म्हणजे सुटलो, असं समजणं

माझे काका लग्नाचं जेवून आले आणि रात्री अकराला बेंबीच्या वर, छातीच्या खाली दाबल्यासारखं व्हायला लागलं. बासुंदी जास्त झाली, असं त्यांनीच जाहीर केलं. ओवा खाऊन झाला, लिंबू-सोडा झाला, ढेकर आली, जरा बरंही वाटलं. पण पंखा जोरात चालू असून बनियन घामाने भिजलेलं होतं. ते काकूंनी पाहिलं आणि मग कुणाचंच ऐकलं नाही. ईसीजीत हार्ट अटॅक निघाला.

हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला की दुखणं पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतं, मळमळ आणि उलटीही होते. मधुमेही आणि बायकांमध्ये तर छातीत कळ न येताही अटॅक येतो. तेव्हा पोटाच्या वरच्या दुखण्यासोबत दरदरून घाम, धाप, किंवा जबड्यात, खांद्यात, हातात दुखणं असेल तर १०८ला फोन करा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, आणि रुग्णाला स्वतः गाडी तर अजिबात चालवू देऊ नका.

शेक, चोळणं आणि एरंडेल

‘बेंबी सरकलीय’ म्हणून पोट चोळून देणारं माणूस अजूनही गावोगावी सापडतं. साध्या मुरड्याला शेकाने बरं वाटतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण अपेंडिक्सचं दुखणंही बहुधा बेंबीभोवतीच सुरू होतं, अगदी साध्या पोटदुखीसारखं. भूक मरते, मळमळतं. काही तासांत, फार तर दिवसभरात, ते उजवीकडे खाली उतरतं आणि एका जागी ठाण मांडतं. चालताना, खोकताना तिथेच कळ येते. अशा पोटावर जोर लावून चोळलं किंवा ‘पोट साफ होऊ दे’ म्हणून एरंडेल पाजलं तर सुजलेलं अपेंडिक्स फुटायचा धोका वाढतो. फुटल्यावर कधीकधी दुखणं थोडा वेळ कमी होतं, घरचे निर्धास्त होतात, आणि मग पोटभर जंतुसंसर्ग पसरतो.

दुखणं जागा बदलून एका ठिकाणी स्थिरावलं, पोट फळीसारखं कडक झालं, ताप आला, किंवा शौच आणि वारा दोन्ही बंद होऊन उलट्या लागल्या, तर सकाळची वाट बघू नका. निघताना चहा-बिस्किटंही देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं.

मुलग्यांच्या बाबतीत एक गोष्ट संकोचामुळे राहून जाते. अंडाला पीळ पडला तरी वयात येणारा मुलगा ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो. हातात जेमतेम सहा तास असतात, म्हणून सरळ विचारा. तसंच पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला कळ आली, चक्कर आली, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तिथेही वाट बघायची नसते.

पोटदुखीवर अंगदुखीची गोळी

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. ‘जेवणानंतर घेतली, मग काय होतंय?’ हा समज अर्धाच खरा. गोळी रक्तात जाऊनही तेच करते. गुडघ्यांसाठी या गोळ्या रोज घेणाऱ्या आजीची शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर आत रक्तस्राव होतोय असं समजा (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही डॉक्टरांना सांगा).

अल्सरचं खापर आपण ठेच्यावर फोडतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः जंतू पिऊन दाखवलं की पोटाला सूज आणणारा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना त्यासाठी २००५चं नोबेल मिळालं. बहुतेक अल्सरच्या मागे हा जंतू किंवा या वेदनाशामक गोळ्या असतात. मिरची जळजळ वाढवते, पण गुन्हेगार ती नव्हे.

ॲसिडिटीची गोळी महिनोन्महिने

मेडिकलमधून पट्टी आणायची आणि सकाळी उठून एक टाकायची, हे आता दात घासण्याइतकं सवयीचं झालंय. दोन आठवडे घेऊनही त्रास परत येत असेल तर गोळी बदलू नका, डॉक्टरांना दाखवा. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, यावर दुर्बिणीने तपासणीच हवी.

जुलाब लगेच बंद करण्याची घाई

जुलाबात रक्त किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका, आणि लहान मुलांना तर ती देऊच नका. पाणी भरून काढा. ओआरएसच्या पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती मिसळा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाळाचं अंगावरचं दूध तोडू नका. डोळे खोल गेले, लघवी होईना, बाळ मलूल पडलं तर तडक दवाखाना.

डॉक्टरांपुढे ‘ॲसिडिटी झालीय’ एवढंच सांगणं

निदान डॉक्टरांवर सोडा, तुम्ही दुखणं सांगा. कधी सुरू झालं, आधी कुठे होतं, आता कुठे आहे? तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली येऊन खांद्याकडे जातं का (पित्ताशयातले खडे), की पाठीतून जांघेकडे उतरतं (मुतखडा)? पुढे वाकून बसलं की कमी होतं का? तो स्वादुपिंडाच्या सुजेचा इशारा असू शकतो. शौचाचा रंग, पाळीची तारीख, दारू, सगळं सांगा. घरात चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरूनच न्या. ‘ती पांढरी, बारीक गोळी’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.