शॉर्टबोर्डची घाई: भारतात सर्फिंग शिकणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहाळ यांनी कांस्यपदक मिळवल्यापासून, 'शॉर्टबोर्डवर, म्हणजे सहा फुटांच्या आसपासच्या छोट्या बोर्डवर, कधी जायचे' हा प्रश्न नवे शिकणारे पहिल्याच आठवड्यात विचारू लागले आहेत. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धेत सर्फिंगचा प्रथमच समावेश झाल्याने ही ओढ स्वाभाविक आहे. पण याच घाईने माझीही प्रगती फार काळ रोखून धरली, म्हणून हा एक मुद्दा सविस्तर मांडतो.

लाट पकडणे म्हणजे हातांनी वल्हवत आपला वेग तिच्या वेगाशी जुळवणे. आठ-नऊ फुटांचा फोमचा बोर्ड चांगला तरंगतो, त्यामुळे उतार सौम्य असतानाच तो धावू लागतो आणि उभे राहायला अवधी मिळतो. सहा फुटांच्या बोर्डवर छाती पाण्यात खेचली जाते, लाट जवळजवळ फुटायला येईपर्यंत वेग मिळत नाही आणि मग उभे राहायला क्षणभरच उरतो. आपल्या किनाऱ्यांवरच्या लहान, मंद लाटांत तर तासभर धडपडूनही हाती काही लागत नाही, आणि कौशल्य तर पकडलेल्या लाटांवरच घडते. आणखी एक फसगत अशी की प्रशिक्षक मागून ढकलतात तेव्हा आपल्याला सर्व जमल्यासारखे वाटते. न फुटलेली लाट स्वतः निवडून, कोणाच्याही धक्क्याशिवाय पकडून, तिच्या अंगावरून डावीकडे आणि उजवीकडे जाता येईपर्यंत बोर्ड बदलू नये.

शनिवार-रविवारच्या पॅकेजांना मी शिक्षण मानत नाही; एका किनाऱ्यावर सलग राहून शिकणेच खरे. २००४ मध्ये अमेरिकी सर्फर जॅक हेब्नर यांनी कर्नाटकातल्या मुल्कीला मंत्रा सर्फ क्लब काढला आणि २००७ मध्ये मुंबईच्या इशिता मालवीय मणिपालजवळ या खेळाकडे वळल्या. भारतात या खेळाची वाढ किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्यांमुळेच झाली. गुरू निवडताना पदकांपेक्षा समुद्राची रोजची ओळख पाहावी. चेन्नईजवळच्या कोवलाँगचे सर्फिंग प्रशिक्षक मूर्ती मेगवन मुळात मच्छीमार आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

जून ते सप्टेंबर या काळात नवशिक्याने कोकण-गोव्याच्या समुद्रात उतरूच नये, कितीही उत्तम पोहता येत असले तरी. खोल पाण्याकडे ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास बोर्ड सोडू नये, प्रवाहाशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर वल्हवत बाहेर पडावे. हे अंगवळणी पडते आणि भीतीही ओसरते, याची खात्री बाळगा. वय वाढल्याचीही चिंता नको, कारण स्पर्धेखेरीज प्रशिक्षकाची वाटही खुली आहे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचा पहिल्या स्तराचा अभ्यासक्रम करावा, मात्र जीवरक्षणाचे प्रशिक्षण त्याआधीच घ्यावे.