हलाखी आणि गुण: अर्जात किती, कसं लिहायचं

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीला, घरची कहाणी उपयोगाची नाही, तिथे निबंध असतोच कुठे? सीईटीचा पर्सेंटाइल चालतो आणि परिस्थिती दिसते ती दाखल्यांतून: ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), नॉन-क्रिमीलेअर, अनाथ प्रमाणपत्र. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, ५ टक्के जागाही बघा. दाखल्यांचे अर्ज निकालाआधीच टाका, ऐनवेळी सर्व्हर बसतो.

अमेरिकेतल्या कॉलेजांचं गणित वेगळं. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, अडचणींसाठी २५० शब्दांचा ऐच्छिक रकाना आहे. तिथे रडगाणं नको, हिशेब द्या. ‘आम्ही गरीब आहोत’ यातून काहीच कळत नाही. ‘वडील आजारी पडले, निफाडच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी मी सांभाळली, रोज चार तास, सहामाहीत गणित ८८ वरून ७१ वर आलं, वार्षिकला ८६’ यातून कळतं. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. गुण पुन्हा वर आलेच नसतील तर युक्तिवाद लंगडा पडतो.

हीच गोष्ट अर्जासोबत जाणाऱ्या शाळेच्या पत्रातून आली तर वजन वाढतं, म्हणून मुख्याध्यापकांना तारखांसह अर्ध्या पानाचं टिपण द्या. मुख्य निबंध मात्र दुसऱ्याच विषयावर लिहा.