अपडेटनंतर कॉम्प्युटर बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

विंडोजचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. त्यामुळे बुधवार-गुरुवारी ‘कालपर्यंत तर चांगला चालत होता’ ही तक्रार हमखास ऐकू येते. अशा वेळी कुणी थेट फॉरमॅट सुचवलं, तर थांबा. बहुतेकदा तो अपडेट काढला तरी काम भागतं आणि तुमचे फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट जागच्या जागी राहतात.

आधी दोष खरंच अपडेटचा आहे का, ते बघा. नागपूरच्या मे महिन्यात ही शंका घ्यायलाच हवी. बिघाडाची निळी स्क्रीन (नव्या विंडोज ११मध्ये ती काळी असते) न येता कॉम्प्युटर फट्कन बंद होत असेल, तोही दुपारी, पंखा घोंगावत असताना, तर संशय उष्णतेवर किंवा पॉवर सप्लायवर घ्या. कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ काढा, आणि ते कूलरच्या थेट झोतात ठेवू नका; ओलसर हवेत धूळ आणखी चिकटते. ही स्क्रीन आली तर मात्र तिच्यावरच्या स्टॉप कोडचा, म्हणजे बिघाडाच्या सांकेतिक नावाचा, मोबाइलने फोटो काढून ठेवा.

कॉम्प्युटर सुरू होत असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधा. फार थोड्यांना माहीत असलेली ही सोय मला सगळ्यात उपयोगी वाटते. कोणत्या तारखेला काय इन्स्टॉल झालं आणि लाल फुल्या कधीपासून सुरू झाल्या, हे एकाच तक्त्यात दिसतं. फुल्या अपडेटच्या आधीपासूनच असतील, तर अपडेट काढून उपयोग नाही.

अपडेटनंतरच सुरू झाल्या असतील तर पहिल्यांदा महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मग सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी या वाटेने ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मध्ये जा आणि ताजा अपडेट काढा. त्याच दिवशी ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र चालवणारा प्रोग्रॅम) बदलला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून जुना परत आणा. शेवटी ‘पॉज अपडेट्स’ दाबायला विसरू नका, नाहीतर तोच अपडेट पुन्हा येईल.

विंडोज सुरूच होत नसेल, तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. पण स्क्रीनवर अपडेटची टक्केवारी चालू असेल तेव्हा हे अजिबात करू नका. कितीही वेळ लागो, वाट पाहा. वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएस किंवा चार्जर लावूनच अपडेट करा.

या टप्प्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. मोबाइलवरून लॉगिन करून बघा.

अपडेट काढूनही निळी किंवा काळी बिघाडाची स्क्रीन येतच राहिली, तर रॅम आणि हार्ड डिस्क तपासून घ्या. दुकानात नेताना स्टॉप कोडचा फोटो दाखवा आणि डेटाची कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही, हे आधीच स्पष्ट सांगा.