गाडी सेल्फ घेत नाही? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले आणि पुढे काहीच नाही. इंजिन जागचं हललंसुद्धा नाही. जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते, आणि तेव्हा मनात पहिला संशय येतो तो बॅटरीचा. बॅटरी बदलली जाते, गाडी चार दिवस नीट चालते आणि पुन्हा मुकी होते. मग स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर, उतरतो. मग रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. पैसे जात राहतात, पण दोष जिथल्या तिथेच असतो.

माझ्या जुन्या डिझेल गाडीवर मी नेमकं हेच केलं होतं. नवी बॅटरी घातली, स्टार्टर खोलून नवे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) टाकून घेतले. दोष होता इंजिन आणि चासीमधल्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत. पट्टी दिसायला धड होती, पण तिच्या बोल्टखाली गंजाचा थर बसला होता. दोष शोधायला वीस मिनिटं लागली; त्याआधीचे दोन महिने अंदाजात गेले. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

दोन वेगळे आजार एकच समजणे

‘गाडी चालू होत नाही’ या तक्रारीत दोन वेगळे दोष असतात. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं पण पेट घेत नाही, तेव्हा इंधन, स्पार्क किंवा हवा तपासायची. इंजिन फिरतच नाही, तेव्हा या तिन्हींचा काही संबंध नाही. तरीही लोक प्लग काढून साफ करतात, फ्युएल पंप बदलतात. इंजिन फिरत नसेल तर शोध फक्त बॅटरी, जाड केबल्स, इग्निशन स्विच, सेफ्टी स्विच (गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागू न देणारा), रिले, सॉलेनॉइड (स्टार्टरवरचा चुंबकी स्विच) आणि मोटर एवढ्यांतच घ्यायचा. शिवाय इंजिनच जाम आहे का, हेही पाहायचं.

मॅन्युअल गिअरची गाडी धक्का मारून लगेच सुरू होत असेल, तर इंजिन ठीक आहे आणि दोष वरच्या यादीतच आहे.

कान आणि हेडलाइट न वापरणे

व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर हातात घेण्याआधी एक गोष्ट करा. हेडलाइट लावा, एखाद्याला समोर उभं करा आणि चावी ‘स्टार्ट’वर फिरवा.

दिवे एकदम विझत आले, तर करंट ओढला जातो आहे पण पुरवठा अपुरा पडतो आहे. बॅटरी उतरलेली आहे, टर्मिनल खराब आहे किंवा मोटर अथवा इंजिन अडकलं आहे. दिव्यांवर काहीच फरक पडला नाही आणि आवाजही आला नाही, तर आदेशच स्टार्टरपर्यंत पोचत नाही. मग इग्निशन स्विच, रिले आणि सेफ्टी स्विचकडे पाहायचं. एकच ठसठशीत ‘टक’ आला आणि दिवे जेमतेम हलले, तर सॉलेनॉइड ओढला गेला, पण त्याचे आतले कॉन्टॅक्ट जळलेले असण्याची किंवा मोटरचे कार्बन झिजलेले असण्याची शक्यता मोठी. भराभर ‘कट-कट-कट’ असा आवाज हा बहुतेक वेळा कमी व्होल्टेजचा. सॉलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट घ्यायला लागते, व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. मोटर नुसतीच घूं करून फिरली आणि इंजिन हललं नाही, तर बेंडिक्स (मोटरचं छोटं दातेरी चाक इंजिनात अडकवणारा भाग) किंवा ते ज्यात अडकतं त्या फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे दात पाहा.

‘हेडलाइट झगझगीत आहेत, म्हणजे बॅटरी चांगली’ हे मात्र समजू नका. दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. पेट्रोल गाडीचा स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज घेतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. दिवे लावण्यापुरता जीव थकलेल्या बॅटरीतही असतो.

बॅटरी न मोजता तिला दोष देणे, किंवा न मोजता सोडून देणे

गाडी काही तास उभी असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उरली, १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. नुकतीच चार्जरवरून काढली असेल तर आकडा फसवा येतो. दोन मिनिटं हेडलाइट लावून विझवा आणि मग मोजा. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. चार्ज असलेल्या बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर एक तर बॅटरी संपली आहे किंवा स्टार्टर बेसुमार करंट घेतो आहे.

मोजताना मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवा, केबलच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये जी पांढरी-हिरवट भुकटी साठते, तिथेच अनेक गाड्यांचा दोष दडलेला असतो.

केबल ‘ठीक आहे’ हे बल्ब लावून किंवा बीप ऐकून ठरवणे

ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. तार अखंड आहे का हे पाहताना मीटरने बीप दिला की केबल चांगली, असं गृहीत धरलं जातं. पण शंभर तारांच्या केबलमधल्या दोनच तारा शाबूत असल्या तरी बीप येतो आणि पूर्ण १२ व्होल्टही दिसतात, कारण त्या क्षणी तिच्यातून करंट वाहतच नसतो. हिशोब करा: सांध्यात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आहे आणि मोटरला दीडशे अँपिअर हवे आहेत. तिथे तब्बल ३ व्होल्ट गळतात. साधा मीटर ०.०२ ओहम धडपणे दाखवूही शकत नाही.

म्हणून भाराखाली मोजायचं. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी स्टार्टरच्या जाड बोल्टवर, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर त्या वाटेत अडथळा आहे. मग निगेटिव्ह खांब आणि स्टार्टरची बॉडी यांच्यामध्ये मोजा, इथे ०.३ च्या वर काही नको. दोन्ही आकडे चांगले आहेत, चावी फिरवल्यावर जाड बोल्टवर आणि सॉलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर भरपूर व्होल्टेज येतं आहे, तरी मोटर गप्प आहे, असं असेल तर इंजिन मोकळं फिरतं याची खात्री करून मगच स्टार्टर उतरवा.

अर्थिंग तुटत आली की करंट दुसरी वाट शोधतो. माझ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल सेल्फ मारल्यावर गरम व्हायची. मी ते इंजिनची उष्णता म्हणून सोडून दिलं होतं. खरं तर स्टार्टरचा करंट त्या बारीक तारेतून परतत होता.

इग्निशन स्विच आणि कुलूप एकच मानणे

जुन्या गाड्यांमध्ये मला सगळ्यात जास्त दोष इथे सापडले आहेत. चावी जाते ते कुलूप वेगळं आणि त्याच्या मागचा विजेचा स्विच वेगळा. दोघांना जोडणारी दांडी किंवा खाच झिजली की चावी ‘स्टार्ट’पर्यंत फिरते, पण स्विच तिथवर पोचतच नाही. लोक मग अख्खं कुलूप बदलतात आणि गाडीला दोन चाव्या होतात.

अनेक जुन्या गाड्यांत स्टार्टरचा रिले नव्हताच. सॉलेनॉइडचा सगळा करंट थेट स्विचमधून जायचा, आणि ओढण्याच्या क्षणी तो कित्येक अँपिअर असतो. वर्षानुवर्षं ठिणग्या पडून कॉन्टॅक्ट काळे पडतात. मग सॉलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर १२ ऐवजी आठ-नऊ व्होल्ट पोचतात. कधी सेल्फ लागतो, कधी पाचव्यांदा चावी फिरवल्यावर लागतो. हे लक्षण दिसलं की चावी ‘स्टार्ट’वर धरून त्या टर्मिनलवर मोजा. कमी भरलं तर मागे मागे जा: सेफ्टी स्विच, मग इग्निशन स्विचची बाहेर जाणारी तार, मग आत येणारी. जिथे व्होल्टेज अचानक पडतं, तिथे दोष. अशा गाडीत स्विच बदलताना एक रिलेही बसवून घ्या, म्हणजे नव्या स्विचवर तो भार पडणार नाही. आणि चावीला किल्ल्यांचा जड जुडगा लटकवू नका. त्या वजनाने कुलूप झिजतं.

ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये गप्प आणि ‘न्यूट्रल’मध्ये चालू होत असेल, तर दोष गिअरच्या सेफ्टी स्विचमध्ये किंवा लिव्हरच्या जुळणीत आहे. काही मॅन्युअल गाड्यांत क्लचखालीही असाच स्विच असतो.

जिवावर बेतणारे शॉर्टकट

स्क्रू ड्रायव्हरने सॉलेनॉइडचे टर्मिनल जोडून पाहण्याची पद्धत सर्रास आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे झेपावते, आणि माणूस तिच्या समोर किंवा खालीच असतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला अडण लावलेलं, यांतलं एक जरी कमी असेल तर ते करू नका. स्टार्टरवर हातोडी मारणंही थांबवा. फार तर हलकी टकटक करा, आणि तेवढ्याने चालू झाला तर कार्बन संपत आले आहेत हे ओळखून तो खोलून घ्या.

दिवे विझतात पण इंजिन ढिम्म, असं असेल तर क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरतं का पाहा. गाडी पाण्यातून गेली असेल तर आधी प्लग काढा, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ किंवा धक्का मारला, तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडणारी दांडी) वाकू शकतो.

दोष पळून गेल्यावर मोजणे

काही गाड्या सकाळी एका झटक्यात सुरू होतात आणि लांबचा प्रवास करून थांबल्या की मुक्या होतात. अर्ध्या तासाने पुन्हा ठणठणीत. तांब्याचा अडथळा दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. स्टार्टर ६० अंशांनी तापला तर सॉलेनॉइडच्या वेटोळ्यांचा अडथळा जवळजवळ पाव पटीने वाढलेला असतो. त्यात स्विच किंवा तार आधीच दोन व्होल्ट खात असेल, तर सॉलेनॉइड ओढला जात नाही. अशी गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत थंड होते, सगळे आकडे चांगले येतात आणि ‘काही दोष नाही’ म्हणून परत मिळते. मीटर गाडीतच ठेवा. गाडी मुकी झालेली असताना, सोबतच्या माणसाला चावी धरायला सांगून, आधी सॉलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजा. गरम इंजिनाजवळ हात जपून.